बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसायचं तर

मुरुडजवळच्या फणसाडच्या रानात कसं बसायचं हे मला आजोबांनी शिकवलं, आणि ते शिकले नवाबाच्या शिकारीत. आजचं अभयारण्य म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं शिकारीसाठी राखलेलं रान. आजोबा हाकेकरी होते. डबे बडवत, ओरडत सांबरं मचाणाच्या तोंडाशी हाकायची. 1948 ला संस्थान विलीन झालं, मग जीप आणि सर्चलाइटवाले आले. उजेड डोळ्यांवर पडला की सांबर जागच्या जागी खिळतं. "त्यात कसब कसलं?" म्हणून आजोबा थुंकायचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, 1986 मध्ये अभयारण्य झालं. आता बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजायला वनखात्याकडे आधी नाव नोंदवून मी बसतो. पहिल्यांदा बसणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय.

आधी वारा बघा. आपल्याकडे दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो, रात्री उशिरा मतलई वारा डोंगराकडून समुद्राकडे सुटतो. म्हणजे संध्याकाळी पाण्याच्या पूर्वेला बसलात तर तुमचा वास मागे जातो, पण तीच जागा पहाटे दगा देते. मचाण रात्रीतून हलवता येत नाही. म्हणून ते उंच हवं, पंधरा-वीस फूट, म्हणजे वास डोक्यावरून निघून जातो. मचाण आधीच बांधलेलं असेल तर निदान चिमूटभर राख हवेत सोडून वारा कुठे जातो ते समजून घ्या.

उन्हं कलायच्या आत वर चढा. कपडे मळखाऊ. पांढरा सदरा चांदण्यात कंदिलासारखा दिसतो. अत्तर, वासाचा साबण, डासांचं मलम नको. डबा कोरडा: भाकरी, गूळ, चणे. सुकटीची चटणी मुळीच नको. एका वर्षी मी नेली. रात्री दहाच्या सुमाराला उदमांजर फांदीवरून थेट माझ्या पिशवीत. ओरडलो नाही, पण दचकून पाय आपटला आणि पुढचे दोन तास पाण्यावर चिटपाखरू फिरकलं नाही. सोबतचा वनरक्षक सकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

बसलात की बूड हलवायचं नाही. खोकला येणारा माणूस घरी राहिलेला बरा.

आता मुख्य गोष्ट, कोण आलं ते ओळखणं. सांबर येण्याआधी वाळक्या पाल्यावर पाऊल पडल्याचा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. माणूस चालतोय असंच वाटतं. भेकर हे लहानसं हरीण मात्र पाण्याशी येऊन उभं राहिलं तरी कळत नाही. ते आधी काठाच्या झुडपातून नुसतं डोकं काढतं. एक पुढचा पाय उचलून तसाच अधांतरी धरतं. कान एक पुढे, एक मागे. दोन घोट पितं, मान वर, पुन्हा दोन घोट. त्या वेळी पेन्सिलही उचलू नका. ते गेल्यावर लिहा: वेळ, नर की मादी, कुठून आलं, कुठे गेलं. दिशा लिहिली नाही तर तेच भेकर दोनदा मोजलं जातं.

भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. भुंकणं लांबत राहिलं, त्यात सांबराचा "पोंक" मिसळला, तर बिबट्या जवळपास आहे. पाण्यावर नजर ठेवा, बॅटरी लावू नका.

पिसोरी, म्हणजे उंदीरहरीण, दिसली तर नशीब. सशाएवढी, शिंगं नाहीत, अंगावर पांढुरके ठिपके-पट्टे. चालीतही काही हरणासारखं नाही, पाचोळ्यात उंदीर सरकावा तशी सरकते. इतक्या वर्षांत मला तीनदाच दिसली आणि त्यातली एक नक्की पिसोरीच होती का, याची आजही शंका आहे.

उजाडल्यावर लगेच पाण्याकडे धावू नका. आधी चिखल वाचा. सांबराचा खूर चांगला चार बोटं लांब, भेकराचा अंगठ्याच्या पेराएवढा. सांबराचं गळलेलं शिंग सापडलं तर तिथेच राहू द्या. पूर्वी घरोघर ते टोप्या अडकवायला असे, दुखऱ्या छातीला उगाळून लावत. आता ते घरी आणणं गुन्हा आहे.

आणि पाण्याच्या पायवाटेवर गुडघ्याएवढ्या उंचीला तारेचं वेटोळं दिसलं, तर ती फासकी. आजची शिकार ही अशी, शिकारी घरी झोपलेला असतो. हात लावू नका, पाऊलखुणा पुसू नका. वनरक्षकाला दाखवा, तो जवळ नसेल तर वनखात्याच्या 1926 या नंबरला फोन लावा, आणि कोणी येईपर्यंत तिथून हलू नका.