सूत्र बरोबर, तरी उत्तर चूक? भौतिकशास्त्राची गणितं सोडवताना या चुका टाळा

अकरावी-बारावीत सूत्रं पाठ असूनही गणित चुकतं, ते बहुतेकदा दिशा, कोन किंवा अंतर नीट न ठरवल्यामुळे. ही कामं आकडे घालण्याआधीची आहेत आणि घाईत नेमकी तीच राहून जातात.

गती: चिन्हं आधी ठरवा

२५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला. जमिनीवर पडायला किती वेळ लागेल? गुरुत्वत्वरण १० धरू.

पुष्कळ जण वेग +२०, त्वरण −१० घेतात आणि विस्थापन मात्र +२५ लिहितात. मग २५ = २०×वेळ − ५×वेळ² हे समीकरण सुटतच नाही, कारण चेंडू गच्चीच्या वर २० मीटरपर्यंतच जातो. काही जण तिन्ही राशी धन घेतात. त्यांचं उत्तर १ सेकंद येतं, पण ते चेंडू खाली फेकला असता तर लागणाऱ्या वेळेचं आहे.

वरची दिशा धन मानली की जमीन −२५ वर येते. वेळ² − ४×वेळ − ५ = ०, म्हणून ५ सेकंद; −१ हे दुसरं उत्तर सोडून द्यायचं. चढण आणि उतरण वेगळी करण्याची गरजच नाही, कारण विस्थापन फक्त आरंभ आणि शेवट पाहतं. आणखी एक: सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य असतो, त्वरण नाही. ते तिथेही १० च, खालच्या दिशेने.

ताशी ७२ किलोमीटर आधी ३.६ ने भागा, २० मिळतील. मंदन ५ असेल तर गाडी ४० मीटरमध्ये थांबते. ७२ तसेच घातले तर ५१८ मीटर येतात. ब्रेक दाबल्यावर अर्धा किलोमीटर? असं उत्तर दिसताच एककं तपासावीत.

गतीची तीन समीकरणं त्वरण स्थिर असेल तरच चालतात. स्प्रिंगच्या गणिताला ती लावू नका.

ऊर्जा: घर्षणाचं अंतर कोणतं?

२ किलोचा ठोकळा ३०° उतारावर ५ मीटर उंचीवरून स्थिर स्थितीतून घसरतो, घर्षणबल ३.६ न्यूटन. सुरुवातीची स्थितिज ऊर्जा १०० ज्यूल. घर्षणाचं कार्य काढताना ३.६ ला ५ ने गुणणं ही नेहमीची चूक. घर्षण उताराच्या बाजूने काम करतं आणि ती लांबी १० मीटर आहे. म्हणून ३६ ज्यूल खर्च, ६४ ज्यूल गतिज ऊर्जा, तळाशी वेग सेकंदाला ८ मीटर.

घर्षणांक दिला असेल तर त्याला पूर्ण वजनाने गुणू नका. वजनाचा उताराला लंब असलेला घटक घ्या, म्हणजे वजन गुणिले कॉस ३०°. स्थितिज ऊर्जा धरली असेल तर गुरुत्वबलाचं कार्य वेगळं मिळवू नका, एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

चुंबकत्व: कोन आणि प्रभाराचं चिन्ह

फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमात तर्जनी क्षेत्राची, मधलं बोट विद्युतधारेचं, अंगठा बलाचा. इलेक्ट्रॉन पूर्वेकडे जात असेल तर धारा पश्चिमेकडे धरायची. क्षेत्र उत्तरेकडे असल्यास बल खाली येतं. प्रोटॉनवर तेच वर आलं असतं. चुंबकीय बल वेगाला नेहमी लंब असल्याने कार्य करत नाही, म्हणून त्याने दिशा बदलते पण चाल बदलत नाही. या बलाने वाढलेली गतिज ऊर्जा काढू लागलात तर तिथेच थांबा.

बलाच्या सूत्रात साइन येतो, कोन वेग आणि क्षेत्र यांमधला. फ्लक्सच्या सूत्रात कॉस, कोन वेटोळ्याच्या अभिलंबाशी. ‘वेटोळ्याचं प्रतल क्षेत्राशी ३०° करतं’ असं म्हटलं असेल तर कोन ६०° घ्या. एका फेऱ्याचं ५० चौरस सेंटिमीटर वेटोळं ०.२ टेस्ला क्षेत्रात असेल, तर क्षेत्रफळ ०.००५ चौरस मीटर (१०,००० ने भागायचं, १०० ने नव्हे) आणि फ्लक्स ०.०००५ वेबर.