काळ्या मातीच्या पांदणीतून जुनी जिप्सी कशी काढावी

पावसाळ्यात विदर्भातल्या पांदण रस्त्याने वावरात जिप्सी न्यायची असेल, तर चिखल सुरू होण्यापूर्वीच, कडक जमीन असेपर्यंत, गाडी थांबवून खाली उतरावे आणि पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेल्या हबची चकती फिरवून 'लॉक'वर आणावी, म्हणजे ते चाक एक्सलशी जोडले जाते. गाडी रुतल्यावरही हे करता येते, पण मग ती चकती चिखलात चाचपडत शोधावी लागते, आणि बहुतेक जण ती तेव्हाच शोधतात.

१९७० साली ३५९ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनावर निघालेल्या सुझुकीच्या एलजे१० या छोट्या गाडीच्या वंशातली जिप्सी मारुतीने १९८५ मध्ये ९७० सीसीचे इंजिन देऊन भारतात आणली. शिडीसारखी चेसिस, पुढेमागे अखंड एक्सल, चारही चाकांना पाटे आणि जेमतेम टनभर वजन, एवढाच तिचा संसार. पण काळ्या मातीत हा हलकेपणाच सर्वांत जास्त कामाला येतो.

तिचा ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी, गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला असून तिथून एक शाफ्ट पुढे आणि एक मागे जातो. या दोहोंच्या मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा) नसल्यामुळे फोर-व्हीलमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर दिलेला असताना, दोन्ही शाफ्ट सारख्याच गतीने फिरतात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावे लागते. चिखलात चाके घसरून हा फरक भरून निघतो, डांबरावर मात्र तो शाफ्टमध्ये ताण होऊन साठतो, स्टिअरिंग जड होते आणि ट्रान्सफर केसचा लिव्हर अडकून बसतो. अशा वेळी लिव्हरशी झटापट न करता गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी.

साध्या ओलीसाठी 'फोर हाय' (चारही चाकांना जोर, नेहमीची गती) पुरतो. माती चाकाला लाडवासारखी चिकटू लागली, की गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून 'फोर लो' (चारही चाकांना जोर, कमी गती) टाकावा आणि दुसऱ्या गिअरमध्ये एकसारख्या गतीने जावे. 'लो'मुळे जोर वाढतो, पकड नव्हे. एक्सलमधले डिफरन्शियल लॉक होत नसल्याने पुढचे एक आणि मागचे एक चाक जागीच फिरू लागले, की रेस वाढवणे म्हणजे खड्डा खणणे होय. त्यापेक्षा तुराट्या किंवा पऱ्हाट्या (तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळक्या काड्या) चाकांखाली आडव्या टाकाव्यात. त्यानेही गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टर बोलावण्यात कमीपणा मानू नये.

डांबरी रस्ता लागण्यापूर्वी लिव्हर 'टू हाय'वर (फक्त मागच्या चाकांना जोर) आणून हब 'फ्री' करावेत आणि रिमच्या आतली माती काडीने खरवडून काढावी. ती वाळली, की वेगात स्टिअरिंग थरथरते आणि बिचाऱ्या अलाइनमेंटवर आळ येतो.