टोपलीवाले सापडले बाबागाडीत

सासूबाई इंग्रज. त्यांचे पूर्वज लंडनमध्ये टोपल्या विणायचे, एवढंच घरात ठाऊक. 1851 आणि 1861 च्या जनगणनेत 'बास्केट मेकर' म्हणून कुटुंब मिळालं, पण 1871 ला अख्खं घर गायब! मी दोन महिने त्याच शब्दावर अडून बसले होते. चूक माझीच.

मग लक्षात आलं, त्या काळी बाबागाडीचा सांगाडा बऱ्याचदा विलो नावाच्या झाडाच्या लवचीक फोकांनी विणलेला असे. आपल्याकडचा बुरूड कामट्यांनी सूप विणतो, तसंच हातकाम. फक्त खाली चाकं. 1850 नंतर बाबागाड्यांना मागणी वाढली, तेव्हा विणकराने धंद्याचं नाव बदललं तर नवल काय? मग आडनाव सोडून धंदा आणि आईचं नाव टाकून शोधलं. 'पेरँब्युलेटर मेकर', म्हणजे बाबागाडी बनवणारे, म्हणून सापडले, आडनावातलं एक अक्षर नकलकाराने चुकवलेलं.

तरी हेच ते, कशावरून? जन्मनोंदणीच्या जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव 1911 पासूनच येतं. सरकारी ऑनलाइन सूचीत मात्र ते 1837 पासून आहे. चार मुलांच्या नोंदींत तेच आडनाव निघालं.

वयाचा घोळ उरला होता. 1841 च्या जनगणनेत मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहीत, म्हणजे एकोणतीसचा पंचवीस. सासूबाई म्हणाल्या, "मलाही तसंच मोजा."