चित्राची पाठ कशी वाचावी: युद्धात लुटलेल्या कलाकृतीचा माग

युरोपातलं जुनं तैलचित्र हाती आलंय आणि १९३३ ते १९४५ या काळात ते कुणाकडे होतं याचा पत्ता लागत नसेल, तर सगळ्यात आधी त्याची पाठ बघा. नाझी लुटीच्या खुणा बहुतेक वेळा मागेच सापडतात. दुर्दैवाने त्या पुसल्याही तिथेच जातात, कारण साफसफाईच्या नावाखाली लोक जुन्या चिठ्ठ्या खरवडतात आणि लाकूड बदलतात.

रंगाचे पोपडे सुटत असतील तर चित्राला हात लावू नका, आधी संवर्धकाला, म्हणजे जुन्या चित्रांची निगा आणि दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराला, दाखवा. रंग घट्ट असेल तर मऊ कापडावर पालथं ठेवा आणि तीन फेऱ्यांत फोटो घ्या. पहिल्या फेरीत साध्या उजेडात पूर्ण पाठ, स्ट्रेचरची (कॅनव्हास ताणून धरणाऱ्या लाकडी सांगाड्याची) प्रत्येक पट्टी आणि प्रत्येक चिठ्ठी, शेजारी मोजपट्टी ठेवून. दुसऱ्या फेरीत दिवा एका बाजूने, लाकडाला जवळजवळ टेकवून धरा. तासून काढलेला आकडा, खरवडलेली जागा अशा तिरप्या उजेडात उठून दिसते. तिसरी फेरी अंधाऱ्या खोलीत, ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली: जुनी लोहयुक्त शाई फिकट झाली असली तरी तिथे गडद दिसते. चिठ्ठीला पाणी अजिबात लावू नका. शाई पसरते, आणि खाली अनेकदा तिच्याहून जुनी चिठ्ठी असते.

बाहेरच्या चौकटीवरच्या (फ्रेमवरच्या) खुणांची नोंद वेगळी ठेवा. चौकटी बदलल्या जातात, त्यामुळे चौकटीवरचा शिक्का चित्राबद्दल काही सिद्ध करत नाही. कॅनव्हासला मागून दुसरं अस्तर चिकटवलेलं असेल तर मूळ पाठ झाकली गेली आहे हेही लिहा.

आता अक्षरं. पॅरिसच्या ज्यू द पोम या कलादालनात नाझी नेता आल्फ्रेड रोझेनबर्गच्या लुटारू पथकाने लुटीच्या मालावर मालकाच्या नावावरून रोमन अक्षरं आणि क्रमांक घातले: रॉथशिल्ड घराण्यासाठी ‘आर’ (R), डेव्हिड-वील यांच्यासाठी ‘डीडब्ल्यू’ (DW), मालक अज्ञात असेल तर ‘यूएनबी’ (UNB). ‘म्यु’ (Mü) आणि आकडा दिसला तर चित्र १९४५ नंतर दोस्तराष्ट्रांनी लुटीचा माल गोळा करायला म्युनिकमध्ये काढलेल्या संकलन केंद्रातून गेलेलं असण्याची शक्यता मोठी. इथे घाई नको. अशी कित्येक चित्रं रीतसर परत केली गेली होती. त्या केंद्राची नोंदपत्रं बर्लिनच्या जर्मन ऐतिहासिक संग्रहालयाने ऑनलाइन ठेवली आहेत. चित्र कुणाला, कधी सोपवलं ते तिथे बघा.

मग मालकीचा तक्ता करा: वर्ष, मालक, गाव, हस्तांतर कसं झालं, पुरावा काय. धोक्याचा काळ देशागणिक बदलतो. जर्मनीत तो जानेवारी १९३३ पासून, ऑस्ट्रियात मार्च १९३८ पासून, पोलंडमध्ये सप्टेंबर १९३९ पासून धरा.

यादीत शोधताना चित्रकाराच्या नावावर विसंबू नका. श्रेय बदलतं, शीर्षक प्रत्येक भाषेत वेगळं पडतं. विषय आणि मापांवरून शोधा आणि दोन-तीन सेंटिमीटरची सूट ठेवा, कारण कुणी चौकटीतून दिसणारा भागच मोजतो, तर कुणी पूर्ण कॅनव्हास. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची ‘लॉस्ट आर्ट’ यादी, पोलंडच्या संस्कृती मंत्रालयाची युद्धहानीची यादी आणि इंटरपोलचं ‘आयडी-आर्ट’ हे मोफत ॲप, तिन्ही बघा. यादीत सापडलं नाही म्हणजे चित्र निर्दोष, असं मात्र नाही.

नेट लावून शोधलं की चित्रं सापडतात. वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयातून युद्धात गेलेलं पोलिश चित्रकार गिएरिम्स्कीचं संत्री विकणाऱ्या ज्यू स्त्रीचं चित्र २०१० मध्ये हॅम्बर्गजवळच्या एका लिलावात दिसलं आणि २०११ मध्ये घरी परतलं.

जुळणी लागली तर चित्र विकू नका, परदेशी पाठवू नका, साफ करायलाही देऊ नका. फोटो आणि तक्ता घेऊन संबंधित संग्रहालयाला किंवा त्या देशाच्या संस्कृती मंत्रालयाला लेखी कळवा. ‘मुदत संपली’ असं कुणी सांगितलं तरी थांबू नका. जर्मन कायद्यात अशा दाव्यांना ३० वर्षांची मर्यादा आहे, तरीही फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्याच्या संग्रहातलं, १९४४ मध्ये जर्मन सैन्याने नेलेलं डच चित्रकार यान व्हान हायसमचं फुलदाणीचं चित्र जुलै २०१९ मध्ये परत आलं. त्याआधी जानेवारीत फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयाने त्याच्या जागी कृष्णधवल फोटो टांगून तीन भाषांत एकच शब्द लिहिला होता: ‘चोरलेले’.