एल्कच्या हंगामाआधी: बाँडेड गोळ्यांची निवड आणि तयारी

कोलोरॅडोतील एल्कचा (सांबरासारख्या अवाढव्य अमेरिकी जनावराचा) रायफलचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होत असला, तरी शिकार-परवान्यांच्या सोडतीच्या अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीलाच संपते. त्यामुळे कागदपत्रांचे काम आधी उरकावे. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असणाऱ्या आपल्या मंडळींनी येथे विशेष लक्ष द्यावे. संघीय कायद्यानुसार अशा व्यक्तीस एरवी बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगता येत नाहीत, आणि अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकार-परवाना हा त्याला अपवाद आहे. मित्राची रायफल सरावापुरती हातात घेण्यापूर्वीसुद्धा हा परवाना खिशात असावा.

त्यानंतर राज्याचे नियम वाचून काडतूस त्यांत बसते की नाही ते पाहावे. एल्कसाठी गोळीचा व्यास किमान ०.२४ इंच आणि वजन किमान ८५ ग्रेन (गोळीच्या वजनाचे छोटे एकक) असावे लागते, ती फुलणारी असावी लागते आणि १०० यार्डांवर तिची ऊर्जा १,००० फूट-पौंडांच्या खाली जाता कामा नये. हा कायद्याचा किमान उंबरठा झाला. पूर्ण वाढलेला नर एल्क सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतो, हे लक्षात घेता उंबरठ्यावरच थांबणे शहाणपणाचे नाही. .३०-०६ या मापाच्या काडतुसात १६५ किंवा १८० ग्रेनची गोळी हा जुना, कंटाळवाणा आणि उत्तम पर्याय आहे.

आता गोळीची जात ठरवावी. साध्या गोळीत तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण आणि शिशाचा गाभा केवळ दाबून एकत्र बसवलेले असतात. जवळून, पूर्ण वेगात ती फऱ्याच्या हाडावर आदळली की आवरण आणि गाभा विलग होतात, शिसे विखुरते आणि आत जाण्यापुरते वजनच उरत नाही. बाँडेड गोळीत हे दोन्ही धातू उष्णतेने किंवा विद्युत-रासायनिक मुलाम्याने एकमेकांशी सांधलेले असतात. अशी गोळी एल्कच्या पलीकडच्या कातड्याखाली अडकलेली सापडली, तर ती हातात घेऊन नीट पाहावी: आवरणाच्या पाकळ्या मागे वळलेल्या दिसतात आणि प्रत्येक पाकळीच्या आतल्या बाजूस शिशाचा करडा थर घट्ट चिकटून राहिलेला असतो. ती काट्यावर ठेवली तर उरलेले वजनही कळते. नॉस्लर कंपनीची अ‍ॅक्युबाँड साधारण ६० ते ७० टक्के वजन राखते, म्हणजे १८० ग्रेनमधले ११० ते १२५ ग्रेन उरतात; स्विफ्ट कंपनीची ए-फ्रेम, जिच्या पोटात तांब्याची आडभिंतही आहे, ९० टक्क्यांच्या पुढे जाते. आकडा मोठा म्हणून गोळी चांगली, असे मात्र समजू नये. थोडे वजन गमावणारी गोळी फुप्फुसांत अधिक रुंद जखम करते, अधिक राखणारी अधिक खोल जाते, आणि एल्क तिरपा उभा असेल तर खोलीच कामाला येते. माझे मत विचाराल तर, हरणासाठी हा जादा खर्च करण्याचे फारसे कारण नाही. परंतु परराज्यातील व्यक्तीस एल्कच्या परवान्यापोटीच ७०० डॉलरहून अधिक मोजावे लागतात, तेथे काडतुसांच्या पेटीवर वाचवलेले थोडे पैसे कोणाच्या उपयोगाचे?

पुढची पायरी बहुतेक जण वगळतात: किती अंतरापर्यंत गोळी झाडायची, ही आपली कमाल मर्यादा वेगावरून ठरवावी. गोळी जितकी चिवट, तितकी मंद वेगात ती न फुलण्याची शक्यता अधिक, आणि न फुललेली गोळी बारीक भोक पाडून निघून जाते. अ‍ॅक्युबाँडसाठी उत्पादकाने सांगितलेला किमान वेग सेकंदाला १,८०० फूट आहे. नळीच्या तोंडाशी २,७०० फुटांनी निघालेली १८० ग्रेनची गोळी साधारण ५०० यार्डांच्या आसपास त्या वेगावर उतरते. पेटीवरील वेग बहुधा २४ इंची नळीतून मोजलेला असतो. आपली नळी २० किंवा २२ इंचांची असेल तर प्रत्यक्ष वेग कमी भरेल, म्हणून तो वेगमापकावर मोजून घ्यावा. डोंगरातील विरळ हवेत गोळीचा वेग सावकाश उतरतो, हे खरे. तरीही दमछाक झालेल्या माणसाचा नेम गोळीच्या कितीतरी आधी ढासळतो, त्यामुळे ३०० यार्डांवर थांबावे.

ज्या काडतुसांनी शिकार करायची, त्यांनीच रायफलचा नेम जुळवावा. स्वस्त काडतुसांवर स्कोप बसवून आदल्या दिवशी बाँडेड भरणे हा हमखास गोंधळाचा मार्ग आहे, कारण वजन सारखे असले तरी गोळ्या एकाच ठिकाणी पडतीलच असे नाही. एकाच उत्पादन-क्रमांकाच्या दोन-तीन पेट्या उन्हाळ्यातच घ्याव्यात आणि सराव बाकावरून न करता बसून, गुडघ्यावर आणि काठीच्या आधाराने करावा. विमानाने जाणार असाल तर रायफल रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत घालून काउंटरवर जाहीर करावी लागते. काडतुसांच्या वजनाची मर्यादा बहुतेक विमान कंपन्यांत ११ पौंड असते.

रानात चाप ओढण्यापूर्वी सावजाच्या मागे काय आहे ते पाहण्याची सवय आताच लावून घ्यावी. एल्क कळपाने राहतात आणि बाँडेड गोळी पुष्कळदा आरपार जाते; एका परवान्यावर दोन जनावरे पडली तर तो गुन्हा ठरतो. आडवा उभा असल्यास पुढच्या पायाच्या रेषेत, खालून एक तृतीयांश उंचीवर, फुप्फुसांवर नेम धरावा. तोंड पलीकडे करून तिरपा असल्यास पलीकडचा फरा डोळ्यांसमोर ठेवून गोळीचा मार्ग आखावा. पाठमोऱ्या एल्कवर गोळी झाडू नये, पेटीवर काहीही लिहिलेले असो. गोळी योग्य जागी बसूनही एल्क जागीच कोसळेल असे नाही. तो उभा असेपर्यंत आणि मागे दुसरे जनावर नसेल तर दुसरी गोळी लगेच झाडावी. तो निघून गेल्यास अर्धा तास थांबून माग काढावा. फेसाळ, गुलाबी रक्त फुप्फुसांचे असते, काळपट लाल यकृताचे; हिरवट अंश आणि शेणाचा वास आला तर काही तास मागे सरकून थांबावे.

मांसासाठी धारदार सुऱ्या, सुती पिशव्या आणि पाठीवरची मजबूत चौकट सोबत असावी. बाँडेड गोळी शिसे कमी सांडते, पण अजिबात सांडत नाही असे नाही. म्हणून जखमेच्या भोवतालचे रक्ताळलेले मांस सढळ हाताने कापून टाकावे, विशेषतः घरात लहान मुले किंवा गरोदर स्त्री असेल तर. कॅलिफोर्नियात शिकार करणाऱ्यांना मात्र हा पर्यायच उरलेला नाही: १ जुलै २०१९ पासून तेथे वन्यप्राण्यांच्या शिकारीसाठी शिसेविरहित गोळ्या सक्तीच्या आहेत, आणि बाँडेड गोळीचा गाभा शिशाचाच असतो. तेथील बेतासाठी अखंड तांब्याच्या गोळ्या वेगळ्या घ्याव्यात आणि रायफलचा नेम त्यांच्यावर पुन्हा जुळवावा.