कामात असलेली बाई चित्रात कशी आणायची

रोजच्या कामातली बाई रंगवायची म्हटलं की आपण पहिल्यांदा चेहरा काढायला घेतो आणि तिथंच फसतो, कारण मग ती फोटोला बसल्यासारखी दिसते. त्यापेक्षा सुरुवात भारापासून करा. कपडे पिळतेय ना, मग कुठल्या पायावर उभी आहे, कुठला खांदा खाली गेलाय ते बघा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर गळ्याच्या खळगीतून सरळ खाली सोडलेली रेघ साधारण त्याच पायाच्या घोट्याजवळ येते, नाही आली तर आकृती पडतेय असं वाटतं.

आणि पोज द्यायला लावू नका प्लीज. आधी विचारा, हो म्हणाली तर तिला तिचं काम करू द्या आणि तुम्ही दोन-दोन मिनिटांची स्केचेस मारत राहा, कामात तीच हालचाल परत परत येतेच त्यामुळे राहिलेलं पुढच्या वेळी सापडतं.

सगळ्यात जास्त वेळ हातांना द्या. एकेक बोट काढत बसलात तर हात लाकडी होतो, आधी पंजाचा ढोबळ आकार, मग अंगठा, मग बाकीची बोटं एक गठ्ठा म्हणून, आणि सुटी करायची ती फक्त काम करणारी, म्हणजे सुई ओवतेय तर चिमटीतली दोनच.

मागचं सामान कमी करा. डच चित्रकार व्हर्मीरचं दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र बघा, साधारण १६५८ चं, उंची जेमतेम ४५ सेंटीमीटर. तिच्या डोक्यामागं त्याने आधी भांडी टांगायची फळी काढायला घेतली होती आणि मग बुजवून टाकली, हे २०२२ मध्ये तपासणीत कळलं. आता मागं नुसती भिंत आहे आणि नजर थेट दुधाच्या धारेवर जाते! अमेरिकन चित्रकार मेरी कॅसॅटने १८९३ च्या चित्रात मुलीचे पाय धुणारी बाई वरून बघितलीय, तसा अँगलही ट्राय करा.

उजेड एकाच बाजूने. रंग चार पुरतात, पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (विटकरी तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा). सावलीत काळा नको, शेवटचे दोन मिसळा.

चेहरा शेवटी, आणि तो मुद्दाम दुःखी करू नका, लक्ष कामात असलेला माणूस दुःखी असतोच असं नाही. झालं की चित्र तिलाच दाखवा. हात असा नाही धरत, असं ती म्हणाली तर तो हात पुसून परत काढा.