खाडीपलीकडचं गाव किती लांब? तालुक्याच्या जोडणीचा नकाशा असा करा

वाड्या बाजाराशी, शाळेशी, रुग्णालयाशी किती नीट जोडलेल्या आहेत हे मोजायचं म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: रुग्णालयाभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि आतली गावं मोजा. कोकणात हे अजिबात करू नका. दाभोळच्या धक्क्यावरून समोर धोपावे दिसतं, वर्तुळात दोन्ही गावं शेजारी येतात. पण मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. फेरीबोट बंद असेल तर दापोलीवरून आत चिपळूणला जायचं आणि पुन्हा गुहागरकडे उतरायचं. इथे अंतर मिनिटांतच मोजावं, आणि तेही माणूस खरोखर ज्या वाटेने जातो त्या वाटेवरून.

क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर, ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरचे रस्ते आणि २०११ च्या जनगणनेतली गावनिहाय लोकसंख्या एवढं पुरतं. नकाशाचे सगळे थर यूटीएम ४३ उत्तर (ईपीएसजी ३२६४३) या मीटरवर चालणाऱ्या नकाशा-प्रणालीत आणा, म्हणजे लांबी मीटरमध्ये मिळेल.

लोकसंख्या गावाच्या मध्यबिंदूवर ठेवू नका. आपलं गाव म्हणजे दूरदूर विखुरलेल्या वाड्या. मध्यबिंदू बऱ्याचदा सड्यावर पडतो, तिथे जांभ्या दगडाशिवाय काही नसतं. गुगलच्या ओपन बिल्डिंग्ज या खुल्या माहितीसाठ्यातले इमारतींचे ठसे घ्या आणि गावाची लोकसंख्या घरांच्या प्रमाणात वाड्यांवर वाटा. बंद घरं, गोठे आणि आंब्याच्या बागेतल्या मांगरांमुळे (राखणीच्या खोपटांमुळे) थोडी चूक राहते, तरी मध्यबिंदूपेक्षा हे कितीतरी बरं.

आता रस्त्यांचं जाळं. माझा सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याने खाल्ला, आणि बहुतेक मार्गदर्शक तो एका ओळीत उरकतात.

नकाशावर दोन रेषा एकमेकींवरून गेल्या म्हणजे रस्ते जुळले असं नाही. दोघींना सामाईक बिंदू असेल तरच क्यूजीआयएस त्यांना जोडलेलं मानतं. म्हणून काही जण सांगतात की सगळ्या रेषा छेदांवर तोडून टाका. तसं केलंत की मुंबई–गोवा महामार्गाखालून बोगद्याने जाणारा गावरस्ता थेट चौपदरी रस्त्यावर चढतो. प्रत्यक्षात त्या माणसाला सेवारस्त्याने पुढच्या फाट्यापर्यंत जावं लागतं. त्यामुळे पूल आणि भुयारी मार्ग आधी वेगळे काढा आणि बाकीच्याच रेषा तोडा.

दुसरा फसवा सल्ला म्हणजे तुटलेली टोकं जुळावीत म्हणून टॉलरन्स, म्हणजे किती अंतरावरची टोकं जुळलेली मानायची ती मर्यादा, वाढवणं. वीस मीटर ठेवलात तर पऱ्याच्या (ओढ्याच्या) दोन काठांवरची टोकंही जुळतात आणि गावाने वर्षानुवर्षं मागितलेला साकव (लहान पूल) संगणकात आयता उभा राहतो. अहवाल म्हणेल, वाडी जोडलेली आहे. पावसात त्या वाडीतलं आजारी माणूस डोलीतूनच बाहेर येतं. मी टॉलरन्स एक मीटरच्या वर नेत नाही. उरलेली टोकं उपग्रहचित्र समोर ठेवून एकेक करून हाताने जुळवतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण करावंच लागतं.

वेगाचा रकाना रिकामा राहिला की सॉफ्टवेअर ताशी ५० किलोमीटर धरतं. मग पाखाडीवरून (दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून) चालणारी आजीही त्याच वेगाने निघते! प्रत्येक रेषेला वेग द्या. पायवाटेसाठी उतारावरून चालण्याचा वेग काढणारं टोब्लरचं सूत्र वापरा: सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर, पण २० टक्के चढावर अडीच. उंचीची माहिती कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाच्या ३० मीटरच्या उंची-प्रतिमेतून मिळते. लहान पायऱ्या तिच्यात दिसत नाहीत, डोंगराचा उतार मात्र कळतो.

फेरीबोट तर बऱ्याच नकाशांतून गायबच असते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये तिला 'हायवे' नव्हे, 'रूट' हा टॅग (प्रकाराची खूण) असतो. फक्त हायवे गाळून घेतलेत तर दाभोळ–धोपावे, वेश्वी–बागमांडला, जयगड–तवसाळ हे सगळे दुवे सुटतात. ते मुद्दाम उचला आणि त्यांच्या वेळेत थांबणंही धरा. बोट दर अर्ध्या तासाने सुटत असेल तर सरासरी वाट पाहणं १५ मिनिटं. समजा, एक किलोमीटरच्या रेषेवर पार जायला आणखी १० मिनिटं लागतात. २५ मिनिटांत एक किलोमीटर, म्हणून वेग लिहा ताशी २.४. शेवटची बोट सुटल्यानंतरचा नकाशा वेगळाच काढा, त्यात ही रेषा नको. प्रसूतीच्या कळा वेळापत्रक पाहून येत नाहीत, म्हणून रुग्णालयासाठी मी रात्रीचाच नकाशा खरा मानतो.

पावसाळ्याचाही स्वतंत्र करा. पाण्याखाली जाणारे साकव आणि बंद होणाऱ्या लहान होड्या उपग्रहातून कळत नाहीत. आशाताई, पोस्टमन आणि एसटीचे वाहक यांना विचारा. वस्तीची एसटी कुठल्या गावात मुक्कामाला असते हेही तेच सांगतील. ज्या गावात ती नाही तिथल्या मुलांची सकाळची शाळा पायीच असते.

मग रुग्णालयापासून दिलेल्या वेळेत पोहोचता येणारे रस्ते काढणारं क्यूजीआयएसमधलं 'सर्व्हिस एरिया' हे साधन चालवा, कमीत कमी वेळेचा पर्याय निवडा आणि ४५ मिनिटांच्या आत किती लोक येतात ते मोजा.

खरा उपयोग इथून पुढे. प्रस्तावित साकव, पाखाडी किंवा एसटीची नवी फेरी अशी एकच रेषा जोडा आणि पुन्हा मोजा. किती माणसं नव्याने आत आली ते लिहून ठेवा, रेषा काढून टाका, पुढची घ्या. दोन प्रस्ताव एकदम जोडू नका, कोणामुळे काय बदललं ते कळत नाही. आहे तोच रस्ता रुंद केल्याने एकाही वाडीची भर पडत नाही आणि लहानसा साकव पलीकडच्या सगळ्या वाड्या आत आणतो, असं इथे सहज निघू शकतं. तसं निघालं तर ग्रामसभेत तो आकडा वाडीच्या नावासकट मांडा, आणि रात्रीचा व पावसाळ्याचा नकाशा मोठ्या कागदावर छापून सोबत न्या. लोक पेन घेऊन चुकलेल्या वाटा दाखवतील. त्या दुरुस्त करून पुन्हा मोजा आणि मगच प्रस्ताव तालुक्याला पाठवा.